सुनावणीबाहेरचं बोलणं

शालू, तू गेल्यावर केनवडला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसले होते. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. तुझ्या पाटबंधारे खात्यातले साहेब बोलले, तुझ्या शाळेतल्या बाई बोलल्या, तू कधी बघितलेलाही नसशील असा एक पुढारी बराच वेळ बोलला. सूत्रसंचालन करणाऱ्यानं दोनदा विचारलं, अजून कुणाला दोन शब्द सांगायचे आहेत का. मी उठले नाही. दोन रांगा पुढे वरच्या गावचे दत्तूभाऊ बसले होते, आणि माझ्या मनात आलं ते असं की प्रतिपक्ष हजर आहे, केस चालू आहे, केस ऐकणाऱ्या बाईंबद्दल आपण काही बोलणं बरं दिसणार नाही. तू तसबिरीत गेलीस आणि मी तुझा नियम पाळत बसले होते. माझी मलाच चीड आली.

निघताना तुझ्या आईच्या पाया पडले. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"लय दिवसानं आली वं मंदे. तुमचं भांडण झालतं काय?"

"नाही आई."

"मी शालूले इचारलं तं म्हने, भांडण नाही, केस चालू आहे. केस चालू असली तं माणसं एकमेकाच्या घरी जात नाहीत काय वं?"

तीन वर्षं मी तुला हेच विचारत होते.  पाणी प्यायले आणि मालेगावच्या गाडीत बसले. तेव्हापासून तुझ्याशी डोक्यात बोलते आहे. स्वयंपाक करताना, हरभऱ्यात फिरताना, कुणी समोर बसलेलं असतानासुद्धा. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

वाशीमच्या होस्टेलमध्ये आपण अकरावी-बारावीची दोन वर्षं एका खोलीत काढली. तुझी कॉट खिडकीजवळ, माझी दाराजवळ, मध्ये कुसुमची. कुसुम माझं तेल चोरते अशी माझी खात्री होती. एकदा ती आंघोळीला गेल्यावर मी तुझ्यापाशी तिची यथास्थित चहाडी सुरू केली. तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, "थांब, तिले येऊ दे. मंग सांग."

"अवं, तिच्यासमोर कसं सांगू?"

"तिच्यासमोर नाही सांगता येत तं माह्यासमोर कायले सांगतं?"

आणि खरंच तू थांबलीस. कुसुम ओले केस पुसत आत आली आणि तू म्हणालीस, मंदीले तुह्याबद्दल काहीतरी बोलायचं आहे.  शेवटी कसंबसं बोलले. कुसुमनं पेटी उघडून स्वतःच्या तेलाची बाटली दाखवली, माझ्यापेक्षा भरलेली. माझ्या बाटलीचं झाकण सैल होतं आणि सगळं तेल माझ्याच टॉवेलनं प्यायलं होतं. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी घरून तुरीच्या शेंगा आल्या, आपण तिघींनी मिठाच्या पाण्यात उकडून खाल्ल्या आणि विषय संपला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही बाई पुढे मोठ्या खुर्चीवर बसली की मला जड जाणार आहे.

तू इंजिनिअर झालीस, मी लग्न होऊन मेडशीकडच्या आमच्या गावी आले. तरी दर हिवाळ्यात मी तुझ्या क्वार्टरवर शेंगांची पिशवी घेऊन यायचे. यात खंड पडला नव्हता. तुझ्या बाळंतपणाच्या वर्षीही नाही आणि माझे सासरे गेले त्या वर्षीही नाही.

मग आमच्या तलावाची भानगड झाली. तलाव एक, कालवा एक, गावं दोन. वरचं गाव कालव्याच्या तोंडाशी, आमचं शेपटाला. पाण्याची पाळी सुटली की आधी त्यांचं भिजायचं आणि आमच्यापर्यंत ओल तेवढी यायची. गव्हाला शेवटचं पाणी मिळालं नाही की दाणा बारीक पडतो, हे तुला मी काय सांगावं? आमच्या पाणीवापर संस्थेची मी सचिव. मीच अर्ज लिहिला, मीच सह्या गोळा केल्या. आणि तक्रार ऐकणारा अधिकारी म्हणून खात्यानं नेमली तुला.

मी किती खूश झाले होते सांगू? गावात पेढे वाटायचेच राहिले होते. सगळ्यांना सांगत सुटले की बाई आपल्या आहेत.

पहिल्याच तारखेला तू माझी हवा काढून घेतलीस. दोन्ही गावचे लोक समोर बसलेले. तू म्हणालीस, "शेपटाकडच्या संस्थेच्या सचिव मंदाबाई माझ्या होस्टेलपासूनच्या मैत्रीण आहेत. दरवर्षी घरी येतात. वरच्या गावाची हरकत असेल तर मी ही तक्रार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला लिहीन." दत्तूभाऊंनी टोपी काढली, घातली, मागच्यांशी कुजबुजले. मग म्हणाले, "तुमी सोताहून सांगतलं, आमाले तेवढं पुरे. फक्त निकाल लागेपर्यंत भेटीगाठी बंद ठेवा." आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मान्य."

मला कुणी विचारलंच नाही, मान्य आहे का म्हणून.

एका बाजूचं दुसरीच्या पाठीमागे ऐकायचं नाही, हे नियमात आहेच. पण नियमात वही नव्हती. वही तुझी होती. लांब, निळ्या पुठ्ठ्याची. सुनावणी सोडून कुणीही, कुठेही, केसबद्दल एक शब्द काढला की तू त्यात लिहायचीस, आणि पुढच्या तारखेला कामाची सुरुवात ती नोंद वाचून करायचीस. दोन्ही बाजूंसमोर, नावासकट. लोक तिला बाहेरची वही म्हणायला लागले.

त्या हिवाळ्यात माझ्या हातून ते घडलं. खोटं नाही सांगत, मी केससाठी आले नव्हते. शेंगा भरल्या होत्या, पिशवी भरली, पायाखालची वाट होती, आले. तू दार उघडलंस आणि उंबऱ्यातच उभी राहिलीस.

"मंदे, तू काहून आली?"

"शेंगा घेऊन आली. काहून म्हंजे?"

"आपलं काय ठरलं व्हतं?"

"तुमचं ठरलं व्हतं. माह्यं नाही." मी हसून म्हटलं. आणि मग जायचं ते तोंडातून गेलंच, "अन् आमच्या गव्हाचं पाह्य तेवढं. शेवटचं पाणी नाही भेटलं तं पीक गेलं समज."

तुझा चेहरा उतरला. तू पिशवी माझ्या हातात परत दिलीस. आतून तुझ्या लेकीनं, मंदामावशी आली का, म्हणून हाक मारली, तिला तू उत्तर दिलं नाहीस. मी पायऱ्या उतरले. त्या शेंगा मी स्टँडवर बसलेल्या एका म्हातारीला देऊन टाकल्या.

पुढच्या तारखेला तू वही उघडलीस. "शेपटाकडील संस्थेच्या सचिव मंदाबाई निवासस्थानी आल्या. तुरीच्या शेंगा, अंदाजे तीन किलो, देऊ केल्या. परत केल्या. गव्हाला शेवटच्या पाण्याची गरज असल्याचं बोलल्या." सगळी खोली हसली. आमच्या गावचे लोकही हसले, तेच मला जास्त लागलं. मी तीन किलोच्या शेंगांची बाई झाले. पुढे कितीतरी दिवस कुणी रस्त्यात भेटला की विचारायचा, काकू, यंदा शेंगा कशा आहेत? शेंगा ताज्या होत्या आणि भरदार होत्या, हे मात्र तू वहीत लिहिलं नाहीस.

मी मनात म्हटलं, संपलं. ही आपली नाही.

मग महिनाभरानं तू त्याच वहीतून दुसरी नोंद वाचलीस. वरच्या गावासाठी एका वजनदार माणसाचा तुला फोन आला होता. तो काय म्हणाला, तुझ्या बदलीबद्दल काय बोलला, तू शब्दन् शब्द वाचलास, तितक्याच सपाट आवाजात. कुणी हसलं नाही. दत्तूभाऊंनी मान खाली घातली. त्या दिवशी मला कळलं, शालू. माझ्या शेंगा तू झाकल्या असत्यास, तर त्याचा फोन तुला कोणत्या तोंडानं वाचता आला असता? मला कळलं आणि मी ते कबूल केलं नाही. कबूल करायचं तर तुझ्याकडे यावं लागलं असतं, आणि यायला तर बंदी. ही सबब मला फार सोयीची पडली.

मालेगावच्या स्टँडवर आपण अचानक समोरासमोर आलो, ते तुला आठवत असेल. तू सरकारी गाडीची वाट बघत होतीस. भोवती चार माणसं होती, तरी मी भांडलेच.

"केसचं नोको बोलू, कबूल. पण चहा बी नोको?"

"लोक आपण काय बोललो ते आयकत नाहीत मंदे. आपण बोललो, एवढंच पाह्यतात."

"मंग लोकायसाठी मी तुले वळख बी दाखवू नोको?"

"निकाल लागू दे. मंग चहा काय, जेवाले ये. राह्याले ये."

तू हे म्हणताना हसली होतीस, पण तुझे डोळे लाल होते. तेव्हा मला वाटलं धूळ असेल. मला सोयीचं तेच मला नेहमी वाटतं. आपला तो वाद तसाच राहिला. मी अजूनही म्हणते की चहानं काही बिघडलं नसतं. आणि तू अजूनही, असतीस तर, नाहीच म्हणाली असतीस.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पाळी शेपटापासून सुरू करायची, असा तुझा आदेश आला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तुझा फोन. "मंदे, आता येऊ शकतं तू. शेंगाचा हंगाम गेला, जाऊ दे. तू ये." मला तिथल्या तिथे निघावंसं वाटलं होतं. पण मी तोंडानं काय म्हटलं? गहू काढणीला आला आहे, पुढच्या आठवड्यात बघते. तुला थोडं ताटकळत ठेवायचं होतं मला. दाराबाहेर मी उभी राहिले होते, आता जरा तू राहा. एवढाच हिशेब होता, आणि किती हलका होता.

पुढचा आठवडा आलाच नाही. वरच्या गावानं अपील केलं. तू परत फोन करून सांगितलंस, "फेरसुनावणी लागली तं माह्याकडंच येईल. तवापर्यंत थांबू." आणि तसंच झालं.

फेरसुनावणीचं कारण तूच वाचून दाखवलंस. कालव्यावर पाहणी करताना शाखा अभियंत्यानं प्रवाहाच्या मोजणीचा एक कागद तुझ्या हातात दिला होता. तू तो फायलीत लावलास, निकालात त्याचा आधार घेतलास, आणि तो वरच्या गावाला दाखवायचा राहून गेला. तुझ्यासारखीच्या हातून. शेंगा मोजून लिहिणाऱ्या बाईच्या हातून. तू उभी राहिलीस. अधिकारी उभं राहत नसतात, तू राहिलीस. "हा कागद सुनावणीबाहेर माझ्याकडे आला आणि मी तो दुसऱ्या बाजूला दाखवला नाही. ही चूक माझी आहे. तिच्यामुळे दोन्ही गावांना पुन्हा यावं लागतं आहे."

 आणि मी बोलले, भरल्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"शेंगा बऱ्या लिहून ठेवल्या बाईनं. कागद तेवढा इसरला."

तू खाली बसलीस. कारकुनानं तुझ्याकडे बघितलं, हे लिहायचं का म्हणून. तू मान डोलावलीस. माझं ते वाक्य त्या दिवसाच्या रोजनाम्यात आहे, तारखेसकट, माझ्या नावासकट. मी जाऊन बघितलं. निळ्या शाईत आहे.

ते तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य आहे.

एका खोलीत आपण दोन वर्षं झोपलो. तुझ्या लग्नात मी तुझ्या केसांत गजरा माळला. माझी पहिली मुलगी दवाखान्यात गेली तेव्हा तू माझ्या शेजारी फरशीवर बसून होतीस आणि सकाळपर्यंत एक शब्द बोलली नव्हतीस. त्यातलं कुठं काही लिहिलेलं नाही. सरकारी दप्तरात आपल्या दोघींमधलं म्हणून जे काही राहील ते एवढंच, तीन किलो शेंगा आणि तो टोमणा. माफी मागायची होती, शालू. रोज मागायची होती. बाहेर येऊन मागितली असती तर तू वहीत लिहिली असतीस, आणि खोलीत मागायला माझी मान वाकली नाही. म्हटलं, निकाल लागला की एकदाच जाऊ आणि पोटभर रडू. तू पन्नाशीसुद्धा ओलांडणार नाहीस, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

आता नवे साहेब आले आहेत. तरुण आहेत, चुणचुणीत आहेत, हसून बोलतात. परवा पहिली तारीख होती. सुनावणी दुपारनंतर होती, मी आधीच जाऊन व्हरांड्यात बसले. साहेब आले, मला ओळखलं, जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, फाईल वाचली मी. तुमची बाजू भक्कम आहे. जरा केबिनमध्ये या, एक-दोन गोष्टी समजून घेतो. पाच मिनिटं."

शालू, माझं ऐक. माझं गाव मला दिसत होतं. शेपटाकडचे वाळके पट्टे दिसत होते. पाच मिनिटांत मी सगळं समजावून दिलं असतं, माझ्याइतकी ही केस कुणाला पाठ आहे? आणि माणूस वाईटही वाटत नव्हता. त्याला खरंच फक्त समजून घ्यायचं असेल. मी उठलेसुद्धा. पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं टाकली.

समोरच्या जिन्यावरून दत्तूभाऊ वर येत होते. गुडघा धरून, एकेक पायरी. त्यांनी मला साहेबांबरोबर बघितलं आणि ते तिथेच थांबले.  मी आणि साहेब काय बोललो हे त्यांना ऐकू आलेलं नव्हतं. आम्ही बोललो, एवढंच त्यांनी पाहिलं.

मी म्हटलं, "साहेब, जे इचारायचं ते खोलीत इचारा. यायले बी बसू द्या, मी बी बसतो. अन् आता तुमी मले जे म्हणले ना, बाजू भक्कम आहे म्हून, ते पहिले सगळ्यायसमोर सांगा."

त्यांचं हसू गेलं. "मी सहज म्हणालो मॅडम. तुम्ही उगाच वाढवता आहात."

"वाढवत नाही साहेब. आमच्या आदल्या बाईची पद्धत व्हती."

 आमच्या बाई. इतकी वर्षं तुझ्यावर चिडून तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं, आणि तोंडातून आलं ते हे.

साहेबांनी खोलीत सांगितलं, जरा गुळमुळीत, पण सांगितलं. वरच्या गावानं हरकत घेतली नाही. पुढची तारीख पडली. आमचे लोक बाहेर आल्यावर माझ्यावर चवताळले. चालून आलेली संधी घालवली म्हणाले, सचिव बदला म्हणाले. बदलतीलही. मी स्टँडची वाट धरली.

स्टँडवर दत्तूभाऊ माझ्या बाकावर येऊन बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आम्ही दोघंही तसे सरावलेले. ते म्हणाले, "केसचं नाही बोलत बाई."

"बोला."

"तुमी शेंगा आनल्या अन् त्यायनं वाचून दाखवल्या, त्या दिशी आमी हासलो. पण बाई वाचता वाचता अडल्या व्हत्या. परत केल्या, हे म्हनताना. तुमाले दिसलं नसन, तुमची मान खाली व्हती. मी समोर बसेल व्हतो."

त्यांची गाडी लागली आणि ते गेले. मी बसून राहिले. माझीही गाडी लागली, निघून गेली, मी बसूनच होते. तू अडली होतीस. आणि मी मान खाली घातली होती म्हणून मला ते दिसलं नाही. मला हे माझ्या प्रतिपक्षाकडून कळावं, तेही तू गेल्यावर, याला काय म्हणायचं?

तुझं बरोबर होतं, शालू. चहा सोडून सगळं बरोबर होतं. चहाबद्दल मी अजून भांडायला तयार आहे. उंबऱ्यात उभी राहून भांडेन, आत नको घेऊस.

नवे साहेब कामाचे दिसतात. मोजणी पुन्हा होणार आहे, या वेळी दोन्ही गावांसमोर. गव्हाच्या शेवटच्या पाण्याआधी निकाल लागेल म्हणतात, आणि बहुतेक आमच्या बाजूनं लागेल. गावात आनंद होईल. लोक मलाही माफ करतील. आणि मी सवयीनं पिशवी खांद्याला लावून निघेन.

निकाल लागला की मी कुणाकडे येऊ, शालू?